केमोच्या टॅक्सीतला लुआनभाऊ

मी चौथीपर्यंत शिकले. मला चार माणसांत बोलता येत नाही. बायका जमल्या की मी स्वयंपाकघरात भांडी विसळत उभी राहते, म्हणजे कुणी काही विचारत नाही. हे लिहिलेलंही मी कुणाला वाचून दाखवणार नाही. पण माझ्यासारख्या एखाद्या बाईला हा आजार झाला आणि तिच्या हाती हे पडलं, तर तिला एवढं कळावं की केमोतून माणूस बाहेर येतो. मी आले. लुआनभाऊ आला नाही. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला माझ्याबद्दल लिहिता येत नाही.

*

आम्ही हॉलंडमध्ये रायस्वाइकला राहतो. गौरीचे पप्पा एका भारतीय हॉटेलात कूक आहेत. गौरी आमची एकुलती एक, सतरा वर्षांची. ती मराठी समजते, पण बोलते डचमध्ये.

गाठ मला आंघोळीत हाताला लागली, डाव्या बाजूला. मी कुणाला बोलले नाही. असल्या जागेचं काय बोलायचं? दिवाळी गेली, नाताळ गेला. शेवटी गौरीनेच विचारलं, "आई, तू हात असा पोटाशी का धरतेस सारखा?"

तिने मला हाउसआर्ट्सकडे नेलं. इथे आधी त्याच्याकडेच जावं लागतं, आपल्या फॅमिली डॉक्टरसारखा असतो तो. इथल्या मराठी बायका त्याच्यावर हसतात, की पाय मोडून गेलात तरी तो म्हणणार, पॅरासिटामॉल घ्या आणि आठवड्याने या. आमचा डॉक्टर पोरगेलासा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्याने तपासलं, हात धुतले आणि लगेच हॉस्पिटलला फोन लावला. तो पॅरासिटामॉल म्हणाला नाही, तेव्हाच मी समजले.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी विचारलं, फोनवर हिंदी बोलणारा माणूस देऊ का? मी नको म्हणाले. परक्या पुरुषाने ते सगळं माझ्या कानात सांगायचं मला नको वाटलं. गौरी आहे की, म्हटलं. ती चूक होती. ज्या बायकांची मुलं इथे वाढली आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या दिवशी तरी मुलांच्या तोंडून ऐकू नये.

डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या. गौरी ऐकत होती. मग त्या थांबल्या आणि गौरीकडे बघू लागल्या, की आता सांग.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

गौरीने माझ्याकडे बघितलंच नाही. टेबलावरच्या कागदी रुमालाच्या डब्याकडे बघत म्हणाली, "आई, ते... ते वाईटवालं आहे."

तिला मराठीत दुसरा शब्दच माहीत नव्हता. मी म्हटलं, "बरं." तिच्या वेणीचं रबर निसटलं होतं, ते नीट केलं. तिथे मी एवढंच केलं.

*

आधी ऑपरेशन झालं. ती बाजू काढून टाकली. मग केमो.

केमोचं लाल औषध नसेतून जाताना मला काही वाटायचं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून फोडणीचा वास सहन व्हायचा नाही. गौरीचे पप्पा दिवसभर शंभर माणसांना जेवू घालत, आणि ते घरात आले की मला उलटी व्हायची, कारण त्यांच्या कपड्यांना मसाल्याचा वास.  मग गौरीकडून कळलं, ते खाली सायकली ठेवायच्या खोलीत शर्ट बदलतात, कामाचे कपडे पिशवीत गाठ मारून तिथेच ठेवतात आणि मग वर येतात. थंडीत, सायकलींच्या मधे उभं राहून. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. त्यांनी मला कधी काही गोड बोललेलं आठवत नाही. पण ती पिशवी मी बघितली आहे.

केस गेले तेव्हा मी डोक्यावर पदर घ्यायला लागले. माझी आई बीडकडे गावी असते, माझ्या भावाजवळ. रविवारी व्हिडिओ फोन असतो. तिला आम्ही आजाराचं सांगितलं नव्हतं. भावाला माहीत होतं. तोच म्हणाला, "आईच्या कानावर घालू नको, म्हातारी खचून जाईल." आमच्यात असंच करतात. पदर बघून आईला आनंद झाला. म्हणाली, "आत्ता कशी गरतीवाणी दिसायलीस! परदेशात जाऊन शाणी झाली माझी बाय." मी हसले. पलीकडच्या खोलीत गौरीने दार आपटलं.

*

केमोला न्यायला-आणायला टॅक्सी मिळायची. विम्यातून. एकाच भागातले दोघे असले तर दोघांना एकत्र नेत. पहिल्या दिवशी टॅक्सीत पुढच्या सीटवर एक उंच माणूस होता. डोक्यावर टोपी, गाल बसलेले. चालक किशन हा सुरिनामचा. त्याचे पणजोबा कधीकाळी बिहारकडून बोटीने तिकडे गेलेले, म्हणून त्याची हिंदी आजोबांच्या वेळची. तो म्हणाला, "दीदी, तू पीछे बैठ. ई भाई आगे बैठी, एकर गोड लंबा है." गोड म्हणजे पाय. मग अभिमानाने म्हणाला, "ई फुटबॉल खेलत रहा. गोल मारत रहा!"

त्या माणसाने मागे वळून हात पुढे केला. "लुआन. अल्बेनिया."

मी परक्या पुरुषाला हात देत नाही. नमस्कार केला. त्यानेही तस्साच हात जोडून केला. मग मी नाव सांगितलं आणि त्याच्या नावापुढे भाऊ लावलं. किशनने त्याला भाऊचा अर्थ सांगितला. लुआनभाऊ म्हणाला, त्यांच्यात बहिणीला मोतर म्हणतात. त्या दिवसापासून मी मोतर झाले.

आमचं दोघांचंही डच मोडकं होतं. म्हणून आमचं जमलं. डच माणूस भरभर बोलतो, मग मला लाज वाटते आणि येणारं पण विसरतं. लुआनभाऊ एक एक शब्द शोधून ठेवायचा, जसं कुणी अंधारात पाय ठेवतं. मीही तसंच. गाडी सिग्नलला थांबायची तोवर एखादं वाक्य पुरं व्हायचं.

मी विचारलं, "तू कुठल्या गावाकडून खेळायचास?"

तो बोटं मोजायला लागला. पहिलं त्याच्या डोंगराखालचं श्कोद्र. मग कोसोवो. मग ग्रीस, तिथून सायप्रस, तिथून तुर्कस्तानात दोन ठिकाणी. मग जर्मनीत खालच्या वर्गात तीन ठिकाणी, बेल्जियम, शेवटी इथे हॉलंडला. दोन्ही हातांची बोटं संपली तसा तो हसायला लागला आणि किशनचा हात मागू लागला.

"एका ठिकाणी का नाही राहिलास?"

"कोणी ठेवलं नाही," तो म्हणाला. "मी वाईट नव्हतो. फार चांगलाही नव्हतो. माझ्यासारखे स्ट्रायकर पुष्कळ. एक वर्ष घेतात. एजंट फोन करतो, बॅग भर. मी भरतो."

मला हे लगेच कळलं. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की बिऱ्हाड गाडीत टाकायचं, मुकादम सांगेल त्या कारखान्यावर जायचं, उसाच्या पाचटाची कोपी घालून राहायचं, आणि पट्टा पडला, हंगाम संपला, की परत. पुढच्या वर्षी दुसरा कारखाना. माझी शाळा त्यातच गेली. मी त्याला हे सगळं मोडक्या डचमध्ये सांगितलं. ऊस कसा, कोयता कसा, हाताने दाखवलं. मुकादम काय असतो तेही सांगितलं.

तो पूर्ण मागे वळला. "मुकादम," तो म्हणाला. "माझा मुकादम तिरानाला बसतो. जाड. फोनवर बैलासारखा ओरडतो." किशन एवढा हसला की हिरवा दिवा निघून गेला आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला.

*

नंतर प्रत्येक खेपेला तो एखादं गाव सांगायचा. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. पण ऐकताना मळमळ विसरायचे.

ग्रीसमध्ये त्याची खोली मासळीबाजाराच्या वर होती. सायप्रसला तो गोल मारत होता, पण मालकाच्या जावयालाही तीच जागा हवी होती. जर्मनीत लग्न झालं आणि तिथेच मोडलं, कारण पुढच्या वर्षी परत बॅग भरायची होती आणि ती कंटाळली. तो म्हणायचा, "तिची चूक नाही. कपाट घेऊ म्हणायची. मी म्हणायचो, कपाट बॅगेत मावत नाही."

त्याचा सगळ्यात सुंदर गोल तुर्कस्तानात, बर्फाच्या गावात झाला. उलटा होऊन, डोक्यावरून मारला. पण तेवढ्यात धुकं उतरलं आणि खेळ थांबवला. नियम असा, की खेळ पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा. पुन्हा घेतला तेव्हा त्याचा गुडघा सुजलेला होता, तो बाहेर बसला.

"मग तो गोल?" किशन म्हणाला. "गिनती में नहीं?"

"कुठेच नाही. फक्त माझ्याकडे आहे. आता तुमच्याकडे."

एकदा देशाच्या संघातही बोलावलं होतं त्याला. एकदाच. त्याच्या डोंगरातल्या गावात सगळी माणसं त्याच्या आईच्या घरी टीव्हीपुढे जमली. अर्धा खेळ झाल्यावर ट्रेनरने खूण केली, तसा तो रेषेच्या कडेने पळत अंग गरम करू लागला. पळतच राहिला. तेवढ्यात बचावाचा एक खेळाडू जखमी झाला, त्याच्या जागी दुसरा गेला, आणि ठरलेल्या बदल्या संपल्या. लुआनभाऊ आत गेलाच नाही. "पण आई अजून सगळ्यांना सांगते," तो म्हणाला, "माझा मुलगा देशासाठी पळाला. मी डोळ्यांनी बघितलं."

त्याने पोटातलं दुखणं अंगावर काढलं होतं. त्याची कामाची रीतच ती. स्ट्रायकरला दुखतंय असं कळलं, की पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा. इंजेक्शन घ्यायचं आणि उतरायचं. आमच्यात खाडा पडला की मुकादम पैसे कापायचा, तेव्हा माझी आई तापातही फडात उभी राहायची. खेळ सुटल्यावर तो इथे काचेच्या शेडमध्ये ढोबळी मिरची तोडायला जात होता आणि शनिवारी लहान पोरांना खेळ शिकवत होता, तरी सवय गेली नाही. जुनी दुखापत असेल म्हणत राहिला. कळलं तेव्हा यकृतापर्यंत गेलं होतं.

त्यानेही आईला सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडेही या आजाराचं नाव घरात काढत नाहीत. 'वाईट दुखणं' म्हणतात. आईला वाटत होतं, मुलगा हॉलंडमध्ये ट्रेनर झालाय आणि टोपी त्यासाठीच घालतो. केमोच्या खोलीतली नर्स एकदा आम्हाला म्हणाली, "तुमच्या आयांना माहीत नाही? पण त्या तर आया आहेत!" आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. तिला कसं कळणार?

*

माझी केमो संपत आली. तपासणीत काही दिसलं नाही. त्याच आठवड्यात लुआनभाऊचाही रिपोर्ट आला.

परतताना टॅक्सीत त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मोतर, कडेला माणूस पाटी वर धरतो ना, कोणाला बाहेर काढायचं त्याचा नंबर. तशी पाटी वर झाली. माझा नंबर."

किशनने रेडिओ बंद केला.

मला रडू आलं, पण मी म्हटलं, "आईला बोलाव."

"उन्हाळ्यात जाईन मी. हंगाम संपला की."

"लुआनभाऊ, बोलाव तिला. आत्ता."

तो मागे वळला. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. "तू सांगितलंस तुझ्या आईला?"

"माझं वेगळं. माझं तर बरं झालं."

"मग तर सोपं. आधी तू सांग. तू पास दे, मी गोल मारतो."

तो थट्टेत म्हणाला, पण मी मनावर घेतलं. रविवारी फोन लावला. आई शेळीला झालेली दोन करडं दाखवत होती. एकाला उचलून पार फोनपाशी आणलं, मला नुसतं नाकच दिसलं. ती इतकी खुशीत होती की मी करडांचंच विचारत राहिले. पुढच्या खेपेला लुआनभाऊने नुसतं विचारलं, "पास?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग मी उभाच आहे पुढे," तो म्हणाला.

त्याच्या पुढच्या वेळी टॅक्सीत पुढची सीट रिकामी होती. किशन म्हणाला, "दीदी, भाई भरती है."

*

मी गौरीला घेऊन त्याला बघायला गेले. मी मऊ भात नेला होता, पण तो आता खात नव्हता. खिडकीजवळची खाट. एवढा उंच माणूस, पण पांघरुणाखाली काही नव्हतंच. तिथल्या डॉक्टरने गौरीला हळूच सांगितलं, फार दिवस नाहीत.

त्याने डोळे उघडले. "मोतर. पास?"

मी आयुष्यात फार खोटं बोलले नाही. बोलायचीच वेळ येत नाही, मी बोलतच नाही. पण तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "दिला. सांगितलं आईला."

गौरीने माझ्याकडे बघितलं. 

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

हे मी ठरवलेलं नव्हतं. मला सुचेल ते मी बोलले. "आधी रडली. मग म्हणाली, जेवतेस का तू?"

त्याने उशीवरून मान वळवली. मग गौरीला म्हणाला, "माझा फोन दे."

तिने दिला. तो त्याच्या भाषेत बोलला, आम्हाला काही कळलं नाही. फक्त 'नाना, नाना' एवढं ऐकू येत होतं. तो त्यांच्यातला आईचा शब्द.  मग एका म्हातारीचा आवाज सुरू झाला आणि थांबेचना. लुआनभाऊ फोन कानाला लावून नुसता ऐकत होता, आणि त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"विचारलं, जेवतोस का," तो म्हणाला.

*

आई आणि बहीण विमानाने आल्या. म्हातारीने पहिल्यांदाच विमान बघितलं. काळा स्कार्फ, काळा झगा, हात माझ्या आईसारखेच, कामाने वाकडे झालेले. पण त्या आल्या तोवर दुखू नये म्हणून त्याला झोपेचं औषध सुरू केलं होतं. तो एकदाच जागा झाला असं बहीण म्हणाली. त्याने आईला ओळखलं, आणि विचारलं, कधी निघायचं? बॅग कुठे आहे?

त्यानंतर तो बोलला नाही. ती त्याच्याशी बोलत राहिली. तिचा हात त्याच्या पोटावर असायचा, जिथे दुखत होतं तिथे.

तो गेला त्या दिवशी मी तिथे गेले. बहिणीला इंग्रजी येत होतं. म्हातारी तिला सांगायची, ती गौरीला इंग्रजीत, गौरी मला. या वेळी गौरी एकही शब्द गाळत नव्हती.

म्हातारीने माझे दोन्ही हात धरले. गौरी म्हणाली, "आई, ती म्हणते, तू त्याची गाडीतली बहीण. मग तू सांग. तो आजारी होता तेव्हा त्याचं डोकं कोणी धरलं? उलटी होताना."

मी म्हटलं, "कोणी नाही. तो एकटाच असायचा."

बहिणीने ते सांगितलं. म्हातारी रडली नाही. ती हळूहळू काहीतरी बोलली, माझ्याकडे बघून, रागावून नाही. गौरीने सांगितलं. "ती म्हणते, त्याने मला दुःख होऊ नये म्हणून नाही सांगितलं. पण ते दुःख माझं होतं. ते कोणी दुसऱ्याने ठेवून घ्यायचं नाही. मला वर्षभर त्याचं डोकं धरायचं होतं. मला फक्त पाय धरायला मिळाले."

मग त्या त्याला घेऊन त्यांच्या डोंगरात गेल्या. किशनने विमानतळापर्यंत सोडलं, पैसे घेतले नाहीत.

*

मी रविवारची वाट बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन लावला. गौरीचे पप्पा कामावर होते, गौरी शाळेत. मी सगळं एका दमात सांगितलं. गाठ, ऑपरेशन, केस, सगळं. आता बरी आहे हेही सांगितलं. आधी सांगितलं नाही, कारण तू खचशील असं वाटलं, हेही.

आई रडली नाही. जेवतेस का असंही विचारलं नाही. फोनमध्ये तिचा अर्धाच चेहरा दिसत होता, तिला फोन कधी नीट धरता येत नाही. 

मग तिने विचारलं, "कोण्या अंगाला?"

"डाव्या."

"समदंच काढलं?"

"हो."

"दाव."

मी म्हटलं, "आई, काहीतरीच काय."

"दाव म्हणते ना. म्या जन्म दिलाय तुला. दाव."

ऑपरेशन झाल्यापासून मी ते कुणाला दाखवलं नव्हतं. डॉक्टरांनी बघितलं तेवढंच. गौरीच्या पप्पांसमोर मी दिवा बंद करूनच कपडे बदलते. आरशातही मी मान वर करूनच बघते. मी दाराला कडी घातली, पडदा ओढला. हुक काढले. मग फोन तिथे धरला आणि स्वतः मान फिरवली.

 थोड्या वेळाने बघितलं तर फोनवर काळोख. मला वाटलं, गावाकडची लाईट गेली, किंवा तिने फोन पालथा टाकला आणि उठून गेली. मी, "आई, आई," करत राहिले. मग त्या काळोखाच्या कडेला थोडं लाल उजेडाचं दिसलं, बोटांच्या फटीतून यावं तसं, आणि तिचा श्वास ऐकू आला. ती कुठे गेली नव्हती. तिने फोनवर, माझ्या त्या बाजूवर, हात ठेवला होता.